एका माणसापुरता गालिचा

४ एप्रिल २०२५, शुक्रवार

आले बाई एकदाची! पडेगावातलं हे वरच्या मजल्यावरचं घर आजपासून माझं. भाड्याचं असलं म्हणून काय झालं, किल्ली तर माझ्या कमरेला आहे. परभणीच्या घरात तीस वर्षं काढली, पण हॉलमध्ये एक फुलदाणीसुद्धा माझ्या मनानं ठेवता आली नाही. सासूबाईंच्या पलंगाची जागा ठरलेली, दिरांच्या टीव्हीची ठरलेली आणि माझी ठरलेली ओट्यापाशी. मग हे गेले, पाठोपाठ सासूबाई गेल्या, अपेक्षा लग्न होऊन पुण्याला गेली. आता कॉलेजच्या ऑफिसातली माझी नोकरीही इथल्या छावणीतल्या शाखेत आली. सगळे म्हणत होते, रूपा, या वयात एकटी कशी राहशील? राहीन की! मला काय वाघ खाणार आहे?

आणि एकटी कितीशी राहणार? मे महिन्यात अपेक्षाला सातवा लागतो. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणजे इथंच. तिच्या सासूनं अजून हो म्हटलेलं नाही, पण घर नीट लावलेलं दिसलं की म्हणेल. त्यासाठीच तर एवढी लगबग चालली आहे.

खाली मालनबाई राहतात, नवरा-बायको दोघंच. दारातच उभं राहून बोलल्या. आत या म्हटलं तर म्हणाल्या, नाय बाई, भाजी टाकलीय, आणि गेल्याच. घरमालक राजेंद्र बाहेरगावी असतो. फोनवर म्हणाला, सोफा भिंतीलाच राहू द्या मावशी, मधली जागा मोकळीच बरी दिसते. बरं बाबा.

६ एप्रिल, रविवार

मोबाईलवर घर सजवणाऱ्या एका बाईचे व्हिडिओ बघते सध्या. ती म्हणते, हॉलला जीव आणायचा असेल तर मधोमध गालिचा हवाच, आणि सोफ्याचे पुढचे पाय त्यावर यायलाच हवेत. म्हणून आज गुलमंडीच्या बाजारात पायपीट केली. मोठे गालिचे इतके मोठे की माझ्या हॉलला मावायचे नाहीत. शेवटी एक छोटा मनात भरला. विटकरी रंग, कडेनं पिवळी नक्षी आणि लव अशी मऊ की बोट फिरवलं तर रेघ उमटते. दुकानातले चाचा म्हणाले, बाजी, छोटा है, एक आदमी के बैठने का है. म्हटलं, चाचा, घर में एकच तर आदमी है.

घरी आणून टाकला तर काय, सोफ्याचे पाय राहिले लांब, सोफ्याची सावलीही त्याच्यापर्यंत पोचेना! हॉलच्या मध्यात कुणी बाळाचं दुपटं वाळत घातलंय असं दिसतंय. एकटीच हसत बसले. सोफ्याकडं ओढून पाहिला, खिडकीकडं ओढून पाहिला, शेवटी मधोमधच बरा वाटला. अपेक्षाला फोटो पाठवला. तिनं नुसता अंगठा पाठवला. कामात असेल.

१३ एप्रिल, रविवार

आज ऑफिसातल्या चौघींना आणि मालनबाईंना घर बघायला बोलावलं होतं. पोहे केले, शिरा केला, दार सताड उघडं ठेवलं. शिरा परतत होते तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि पावलं हॉलमध्ये आली. मी ओट्यापासूनच ओरडले, या या, बसा, पाणी आणतेच! तांब्या-भांडं घेऊन बाहेर आले तर हॉलमध्ये कुणी नाही. जिन्यातही कुणी नाही. भांडं भरून गालिच्याशेजारी ठेवलं आणि वाट बघत बसले.

मग एकेकीचे फोन आले. कुणाकडं पाहुणे आलेले, कुणाचं डोकं चढलेलं. मालनबाई तर खालूनच नको म्हणाल्या. पातेलंभर पोहे केले होते हो! एकटीनं थोडे खाल्ले आणि रडले. इथं लिहायला कसली लाज? भांडी आवरताना पाहिलं तर पाण्याचं भांडं रिकामं होतं. मीच प्यायले असेन.

१७ एप्रिल, गुरुवार

ऑफिसातून आले तर गालिच्याची लव मधोमध दबलेली. मांडी घालून कुणी बसून उठलं की दबते, तशी. हातानं सारखी केली. कणीक मळून बाहेर आले तर पुन्हा दबलेली. घेतानाच नीट बघायला हवा होता, दुसरं काय!

२० एप्रिल, रविवार

भर दुपारी कूलर लावून सोफ्यावर बसले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं. समोर गालिच्याची लव माझ्या डोळ्यांदेखत दबली. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग म्हातारं माणूस सावकाश मांडी घालतं तसा सगळा भार. उठून पळावं म्हटलं तर पाय उचलेनात. पण पुढं काहीच झालं नाही. ते जे कोण होतं ते नुसतं बसून राहिलं.

खरं सांगू? भीती वाटत होतीच, पण या घरात आल्यापासून आज पहिल्यांदा समोर कुणीतरी होतं. मी बोलायला लागले. अपेक्षाचं, होणाऱ्या बाळाचं, सासूबाईंचं, सगळं सांगितलं. मध्ये कुणी तोडलं नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. उन्हं कलेपर्यंत बोलत होते. मग चहा टाकला तो दोन कप टाकला.

२४ एप्रिल, गुरुवार

राहवेना म्हणून मालनबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हातच लावला. वर राजेंद्रची आई, सारजाबाई, एकटी राहायची. आला-गेला दारातूनच बोलायचा, आत येऊन टेकायचं कुणी नाही. लेक बाळंतपणाला येणार म्हणून म्हातारी घर सारवून-पुसून वाट बघत होती. लेक आलीच नाही. म्हातारी हॉलच्या मधोमध फरशीवर बसल्या जागी गेली. तेव्हापासून त्या जागी कुणी काही अंथरत नाही. मालनबाई म्हणाल्या, दाराशी येती न् जाती ती, तिला बसा म्हणणारं कुणी नव्हतं. तुम्ही अंथरलं बी, तोंड न बघता बसा म्हणलं बी, आन् वर पाणी दिलं. आता ती पाहुणी हाय तुमची.

उपाय सांगितला. ज्यानं बसवलं त्यानंच उठवायचं. वाटीत साखर द्यायची, दारापर्यंत पोचवायचं. आणि बजावलं, लई आग्रह करू नका बाई. माणूस उठलं की बस बस म्हणायची खोडच असती आपल्याला. उठलेल्याला परत बोलावलं की ते पाहुणं राहत नाय, घरचं होतं.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी अपेक्षाचा फोन आला. तिची सासू म्हणते, बाळंतपण पुण्यातच करू, तिथं सोय चांगली आहे. अपेक्षाही तेच म्हणाली. मी बरं म्हटलं.

दुपारी साखरेची वाटी गालिच्यावर ठेवली. हात जोडून म्हटलं, आजी, उन्हं कलली, निघा आता. लव हळूहळू वर आली. पावलं दाराकडं गेली, उंबऱ्यापाशी थांबली. मी मागं वळून हॉलकडं पाहिलं. रिकामा सोफा, रिकामा गालिचा, उद्याही असंच, परवाही असंच. आणि मी म्हटलं, बसा की हो, इतक्यात कुठं निघालात? जेवून जा!

सवयीनं तोंडातून निघालं असं म्हणता येईल. पण नाही. मला ती हवी होती.

पावलं परत फिरली. पण गालिच्यावर आली नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेली.

३० एप्रिल

ऑफिसातून आले तर आलं घातलेला चहा तयार. कप गालिच्यापाशी ठेवलेला. लग्न झाल्यापासून मला कुणी आयता चहा दिला नव्हता. गालिच्यावर मांडी घातली आणि प्यायले. फार बरं वाटलं. उठावंसंच वाटेना.

३ मे

ऑफिसला गेले नाही. गुडघे धरलेत. ताट बसल्या जागी येतं. कोण आणून ठेवतं ते दिसत नाही, पण बांगड्या वाजतात. ओळखीच्या वाजतात. माझ्या मनगटात मात्र आज एकही बांगडी नाही.

६ मे

मोबाईल स्वयंपाकघरात वाजला. कुणीतरी उचलला. माझ्या आवाजात बोललं — माझ्याच आवाजात! अपू, तुझ्या सासूशी मी बोलते, डिंकाचे लाडू करून ठेवते, तू फक्त ये. मला इतकं गोड कधी बोलता आलं नाही. मी इथून ओरडले, अपू, ती मी नाही! तोंडातून नुसता म्हातारा खोकला निघाला.

९ मे

मालनबाई दाराशी आल्या. माझ्यावरून नजर फिरवून आत विचारलं, गेली का हो ती? स्वयंपाकघरातून माझा आवाज आला — व्हय, गेली. मालनबाई हसल्या. पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आल्या, सोफ्यावर टेकल्या. मी त्यांच्या पायापाशी होते. पदर ओढला. त्यांनी पंखा बारीक केला.

१२ मे

उठता येत नाही — गालिच्याच्या कडेपर्यंत हात जातो, पुढं नाही — ताट यायचं बंद झालंय. आतून लाडवांचा वास येतो. अपू येणार. सासू हो म्हणाली म्हणे. मी एवढ्या मिनत्या केल्या तेव्हा नाही म्हणाली —

अपू, येऊ नकोस —

१५ मे

आली. पोट केवढं दिसतंय गं. चेहरा उजळलाय. आई म्हणून हाक मारली आणि माझ्या अंगावरून — आत गेली — तिच्या गळ्यात पडली. दोघी हसतायत. माझी लेक माझ्यासमोर कधी अशी —

ती बाहेर आली, माझी साडी नेसून. म्हणते, पाळणा इथंच मधोमध ठेवू. अपू म्हणते, मग हा गालिचा? ती म्हणते, लहानच आहे तो, उगाच पायात येतो. गुंडाळ आणि माळ्यावर टाक —

अपू, मी इथं — अपू, माझ्याकडं बघ —

एक कड उचलली तिनं. पाय झाकले गेले —

अगं वाकू नकोस अशी बाळा, पोटावर भार येतो —