सोळाव्या महिन्यातलं बारसं

साखळी,
१६ नोव्हेंबर २०२१

चि. गोकुळदास,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. फोन तू मध्येच कापतोस, पत्र कापता येत नाही, म्हणून लिहिते.

तुये गावाला घरबसल्या वैद्य मिळाला, अभिनंदन! दीड वर्ष घरात कुणी शिंकलं नाही, ते म्हणे तुझ्यामुळे. "माज्या काढ्याफुडे सर्दी उबी रवना नाय," असं कारखान्याच्या गेटवर सांगत होतास. अरे शहाण्या, शाळा बंद, जत्रा बंद, तोंडं बांधलेली. सर्दी येणार कोणाकडून? आमच्या आरोग्य केंद्रात खोकल्याच्या औषधाची मुदत उलटून गेली, बाटल्या तशाच. साखळीभर काय तुझा काढा वाटला होतास?

आता पोर आजारी पडल्यावर काढा गप्प आणि दोष शेवंतीचा. नवरात्रात ती केरीला माहेरी गेली, तिथेच पोरीला बाधलं, म्हणून आजारातून उठलेल्या लेकीसकट तिला परत केरीलाच धाडलंस. वा रे नवरा! पोर चार दिवस ऑक्सिजनवर होती, वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन मुलं. ती सगळी काय केरीला गेली होती? सगळं एकदम उघडलं, सर्दीही एकदम आली, आणि तुझ्या पोरीने ती जन्मात पाहिली नव्हती.

पण कुणाकडून आली, हे तू मला विचारलं नाहीस. नर्सला कोण विचारणार!

पोरीच्या बारशाला, बाराव्या दिवशी, मी करोना ड्युटीवर होते. कानात नाव सांगायचा आत्याचा मान, तो मी सोळा महिने राखून ठेवला. दसऱ्याला तुमच्याकडे आले तेव्हा माझं नाक वाहत होतं. टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे साधी सर्दी. साधी! शेवंती म्हणाली, "वन्सं, मास्क रवांदे." मी तिलाच हसले, "नाव कापडातसून जाता काय गो?" मास्क उतरवला, पोरीला जवळ ओढलं आणि तीनदा कुर्र केलं. आठवड्यात तिला धाप लागली.

तुझ्या काढ्याने निदान कुणाचं वाईट केलं नाही. वीस वर्षं नर्स असून मी महिनाभर शेवंतीला बोलणी खाऊ दिली. माझी मलाच किळस येते.

रविवारी पहिल्या बसने केरीला जाऊन तिला हे तोंडावर सांगणार आहे. तूही ये. तिथे तोंड उघडायचं ते माफी मागायलाच.

स्नेहाच्या कानात नाव आणि छातीत सर्दी घालणारी,
तिची आत्या
जानकी