परगावची वही

घमापूर, जबलपूर
बुधवार

प्रिय प्रणोती,

पत्र बघून दचकू नकोस. इथे सगळं ठणठणीत आहे. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो आणि त्याच्याहून जास्त मी कुरकुरतो, असं ती म्हणते. फोनवर तू तिच्याशीच बोलतेस आणि शेवटी ‘बाबांना सांग’ म्हणून ठेवतेस. पाच वर्षं तुझी खबर मला अशीच पोचते. आज मात्र मला मधे कुणी नको होतं.

आपली शब्दाची वही आठवते ना? तू तिसरीत होतीस. शाळेतून आलीस आणि विचारलंस, “बाबा, ओसरी मतलब क्या?” दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, त्यात तुझी मराठी पातळ होत चालली होती. म्हणून त्या पाडव्याला कडुनिंबाचा पाला चावून झाल्यावर आपण नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, ओसरी. वर्षभर त्या एका शब्दाचा पिच्छा पुरवला. तू घमापुरातल्या ओसऱ्या काढायचीस, मी खाली दोन ओळी लिहायचो. शेजारच्या रामरावांच्या ओसरीसोबत तू घोरणारे रामरावही काढलेस, ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. पुढे दर पाडव्याला नवी वही, एक वर्ष शब्द माझा, एक वर्ष तुझा, आणि ज्याची पाळी त्याच्या शब्दाला दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही, असा नियम झाला. तुझं ‘चिमूट’ मला फार आवडायचं. मीठ, हळद, नर्मदेची रेती, सगळं चिमूटभर गोंदाने चिकटवलेलं. ‘वाफ’च्या वर्षी तू वही कुकरच्या शिट्टीवर धरलीस, ती टम्म फुगली आणि आईने दोघांनाही फैलावर घेतलं. फॅक्टरीत तपासणी खात्यात मी केसभर फरकासाठी माल परत पाठवायचो, पण ती वाकडीतिकडी वही मला चालायची.

मग ते वर्ष आलं. पाळी तुझी होती. बंगळुरूच्या नोकरीचं तू कुणाला सांगितलं नव्हतंस, वहीत सरळ लिहिलंस, परगाव. मी वाचलं आणि ओरडलो, “काहून? चित्रं काढाले लोकं इतक्या दूर जातेत काय?” तुझ्या हातातलं पेन घेऊन तुझा शब्द खोडला आणि वर लिहिलं, घर. नियम मीच मोडला. आठव्या दिवशी तू गेलीस, वही इथेच राहिली.

पोरी, मी चुकलो. तू गेल्यावर घर खायला उठेल याची मला धास्ती होती आणि ती मी तुझ्या पानावर लिहिली. त्यानंतर दोनदा तुझी पाळी आली. त्या दोन्ही वह्या मी कोऱ्या ठेवल्या आहेत.

यंदा पाळी माझी. पाडव्याला मी लिहिलं, परगाव. आई बघून म्हणाली, “आता काय करून राहिले हे!” मला चित्र येत नाही, लिहितो. स्टेशनवर जाऊन बसतो, कोण किती बोचकी घेऊन उतरतं ते टिपतो. परगावी राहून बघावं म्हणून पनागरला फॅक्टरीतल्या बळीरामकडे गेलो, चांगला आठवडाभर राहायचं ठरवून. हसू नकोस. त्यांच्या चहात आलं जास्त, नळ उलटा फिरायचा, आणि दुसऱ्याच दिवशी घरच्या वरणाची अशी आठवण आली की जेवणाआधीच मी पिशवी उचलली. पंधरा-सोळा किलोमीटरवर माझी ही गत. तिकडे तुला वरण कोण करून घालतं, हे मी पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही. मला तुझी फार आठवण येते.

मागच्या सोमवारी वही घेऊन ग्वारीघाटावर गेलो होतो. नर्मदेच्या परिक्रमेला निघालेल्या लोकांना विचारायचं होतं, गाव सोडताना बरोबर काय घेतलं. फुलं विकणारा तुळशीराम तुला लहानपणापासून ओळखतो. मला बघून म्हणाला, “बाबूजी, नवरात्र में दीदी आई थीं. माताजी डब्बा लेकर आई थीं, दोनों यहीं सीढ़ी पर बैठी थीं. आप नहीं आए?” मी म्हणालो, तब्येत बरी नव्हती. तुझी आई त्या दिवशी भजनाला जाते म्हणून गेली होती. तिला मी काही विचारलेलं नाही, तूही तिच्यावर रागावू नकोस. तू आपल्या गावात येतेस आणि माझ्यामुळे घाटाच्या पायरीवर डबा खाऊन परत जातेस, हे कळलं तेव्हापासून मला घास गिळवत नाही. म्हणून हे पत्र. पुढच्या वेळी घरी ये. दुपारी येऊन संध्याकाळच्या गाडीने निघालीस तरी मी अडवणार नाही. आणि माझ्यासमोर जेवण घशाखाली उतरत नसेल, तर तसं आईला कळव. मी तेवढा वेळ बाहेर जाऊन बसेन. तू आपल्या घरात बसून गरम गरम जेव.

तुझाच,
बाबा