ट्रक लेव्हल झाला

शनिवार, ८ मार्च

जागा मिळाली.

काल दुपारी डॉनाबाईंचा फोन आला. ईशानसारख्या मुलांना कायमचं सांभाळणारं होम आहे, त्याच्या त्या मुख्य. ‘वुई हॅव अ बेड फॉर ईशान.’ बेड म्हणतात ते त्याला! ईशान मिडल स्कूलला होता तेव्हा तिथल्या प्रतीक्षायादीत नाव घातलं होतं. आज तो बावीस वर्षांचा आहे आणि माझ्याहून वीतभर उंच.

रेणू पोहे परतत होती. फोन स्पीकरवर होता. तिने गॅस बंद केला आणि कढईकडे बघत उभी राहिली. नंतर एकच विचारलं, ‘कधी?’

महिनाअखेरीस. होम लबकच्या पलीकडे, इथून पाच-सहा तासांवर, शेताडीत. पहिला आठवडा त्याने दिवसा तिथे राहायचं आणि संध्याकाळी आमच्याकडे यायचं. मग हळूहळू सवय करायची, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आम्हाला तिथे मुक्काम करावा लागणार. हॉटेलचा प्रश्नच नाही. सॅन अँटोनियोच्या हॉटेलात तो इतका ओरडला होता की शेजारच्या खोलीतल्यांनी पोलीस बोलावले. त्यानंतरच तर ट्रेलर घेतला. आपली खोली आपल्याबरोबर. त्याची गादी, त्याची चादर, त्याचा पंखा.

पण ट्रेलर न्यायचा तर आधी तो ओढणाऱ्या आमच्या पिकअप ट्रकचं काहीतरी करायला हवं.

रविवार, ९ मार्च

आज उन्हाळ्याच्या वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे. ईशानला हे दरवर्षी कोण समजावणार? नाश्ता ‘चुकीच्या’ वेळेला आला म्हणून स्वतःच्या मनगटाला चावला. जुन्याच व्रणावर.

एअर बॅगा ऑर्डर केल्या. अपघातात फट्‌कन उघडतात त्या नव्हेत. या जाड रबराच्या, मागच्या ॲक्सल आणि फ्रेमच्या मधे बसतात. हवा भरली की ट्रकची मागची बाजू उचलली जाते.

ऑक्टोबरमध्ये वेकोजवळ झालं ते पुन्हा नको. ट्रेलर जोडला की ट्रक मागे बसतो, नाक वर होतं आणि पुढची चाकं हलकी पडतात. स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. शेजारून मोठा ट्रक गेला आणि ट्रेलर झुलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे! ईशानने बेल्ट काढला आणि मागच्या सीटवरून पुढे झेपावला. रेणूने हात आडवा घातला. तिचं मनगट मोडलं, त्यात आता प्लेट आहे. त्याचा दोष नाही. घाबरला तो. मीही घाबरलो होतो, फक्त माझे हात स्टिअरिंगवर होते.

नागपूरला मेकॅनिकल केलं आणि आयुष्यभर डेटाबेस सांभाळले. पण एवढं अजून कळतं — बॅगांनी वजन कमी होत नाही. ट्रक जेवढं ओढायला बनला आहे तेवढंच ओढणार. फक्त वाकलेला दिसत नाही.

मंगळवार, ११ मार्च

अनिकाला सांगितलं. बेलव्ह्यूला तिच्या ऑफिसात तेव्हा लंच चालू होता, मागे भांड्यांचे आवाज. वाटलं होतं चिडेल. लहान भाऊ आहे तिचा.

‘फायनली, बाबा.’

मग म्हणाली, ‘आय डिडन्ट मीन इट लाइक दॅट.’ मी म्हटलं, माहीत आहे बेटा. तिच्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला आम्ही दोघं मिळून गेलो नाही. एकजण कायम घरी, ईशानजवळ.

शनिवार, १५ मार्च

मित्र विक्रम सकाळी गाडी उचलून ठेवायचे त्याचे जॅकस्टँड देऊन गेला. जाताना खांद्यावर हात ठेवून, ‘बेस्ट डिसिजन आहे यार. तुम्ही पण माणसंच आहात.’ सगळे हेच म्हणतात. चांगल्या मनाने म्हणतात. मला कोणाशीच बोलावंसं वाटत नाही.

मागचा भाग उचलला, चाक काढलं. ॲक्सलच्या वर कंपनीने दिलेला रबराचा ठोकळा असतो, तो काढून त्या जागी बॅग बसवायची. बोल्ट गंजलेला. तेल मारलं, थांबलो, परत पाना लावला — तुटला! उरलेला तुकडा आतच. तिथेच, ट्रकखाली, काँक्रीटवर पडून राहिलो. उठावंसंच वाटेना. कशासाठी उठायचं? हे काम नीट झालं की पुढचं काम कोणतं, ते माहीत होतं.

आणि ईशान आला. हेडफोन घालून, अनवाणी. माझ्या शेजारी आडवा झाला, गाल जमिनीला टेकवून. ट्रकच्या पोटाकडे बघत राहिला.

‘ट्रक ब्रोक?’

‘ब्रोक नाही रे. बाबा फिक्स करतोय.’

‘फिक्स.’

तो उठलाच नाही! कोणाजवळ पाच मिनिटं न बसणारा हा मुलगा. मी तुकडा ड्रिलने काढेन म्हणत होतो, पण ड्रिलचा आवाज त्याला सोसत नाही. म्हणून छिन्नी आणि हातोडीने, कापड गुंडाळून, हळूहळू काढला. दुपार झाली. रेणू दोनदा जेवायला हाक मारून गेली. आम्ही दोघं खालीच.

बावीस वर्षं त्याला आमच्या टेबलाशी बसवायला धडपडलो. ट्रकखाली झोपायचं होतं फक्त. आणि हे आत्ता कळतंय. आत्ता, याचा काय उपयोग?

रविवार, १६ मार्च

दुसरी बाजू झाली. आज सवय होती, बोल्ट सरळ निघाला.

हवेच्या नळ्या फ्रेमवरून मागे नंबरप्लेटपर्यंत आणल्या, सायलेन्सरपासून लांब ठेवून. तिथे सायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह. काँप्रेसर लावला असता तर मिनिटाचं काम, पण त्याची घरघर ऐकून ईशान भिंतीवर डोकं आपटतो. सायकलचा पंपच घेतला. दंड भरून आले. ट्रक इतका सावकाश वर आला की आला हे कळलंही नाही.

मग सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं. एका जोडाशी बुडबुडे आले, नळी तिरकी कापली गेली होती. ईशान बुडबुडे बघून हसला. मोठ्याने. गेल्या वर्षभरात असा हसला असेल असं वाटत नाही. मी नळी सरळ कापून परत बसवली. बुडबुडे थांबले. तो वाट बघत राहिला. बोटाने जोडाला टोचून, ‘मोअर?’

मी पाणी दुसरीकडे लावून फुंकर मारली, पण ते तसे नव्हते. उठून गेला.

रेणू दारात उभी होती. म्हणाली, ‘तिथे तो आपली चौकशी करेल का रे?’

‘त्याला तसं विचारता कुठे येतं?’

‘मग ते बरं का वाईट?’

मी हात पुसत राहिलो.

बुधवार, १९ मार्च

डाव्या बॅगेतली हवा जशीच्या तशी. उजवीतलीही. कुठेही लीक नाही. असती तर बरं झालं असतं.

शनिवार, २२ मार्च

ट्रेलर जोडून ग्रेपव्हाइनपर्यंत चक्कर मारली. आधी हवा भरली, ट्रेलरचं वजन पुढच्या चाकांवरही वाटून देणाऱ्या पट्ट्या घट्ट केल्या, मागे जाऊन बघितलं. ट्रक आणि ट्रेलर एका रेषेत. लेव्हल! हायवेवर वाळूचा ट्रक बाजूने गेला आणि आपला ट्रेलर हललाही नाही. रेणूने सवयीने डॅशबोर्ड धरला होता, तो सोडला. मागे ईशान झोपला होता.

‘किती छान चालतोय,’ ती म्हणाली आणि रडायला लागली.

मला समजलं. ट्रक नीट झाला. आता न जायला कारण उरलं नाही.

शुक्रवार, २८ मार्च

पोचलो. ॲबिलीनच्या पुढे वारा आडवा, लाल धूळ उडत होती. दोन ट्रेलर रस्त्याच्या कडेला थांबलेले. आम्ही नाही थांबलो. गाडी रुळावर असल्यासारखी. स्वीटवॉटरजवळ पवनचक्क्या लागल्या, क्षितिजापर्यंत. ईशानने दोन्ही तळवे काचेला लावले आणि संपेपर्यंत काढले नाहीत. ‘गो, बाबा. गो.’

त्याला वाटतंय आपण फिरायला निघालोय.

रविवार, ३० मार्च

पाडवा. ट्रेलर लावून राहायच्या आर.व्ही. पार्कमध्ये आमच्या छपराच्या दांड्याला रेणूने गुढी बांधली. वाऱ्याने तांब्या सारखा वाजत होता, साडी फडफडून निघाली. बॅगांच्या नळ्या बांधून उरलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्या, त्यांनी आवळून टाकली. कडुनिंब नाही. शेजारची म्हातारी विचारायला आली की हे कसलं झेंड्यासारखं. रेणू म्हणाली, ‘न्यू इयर.’ ‘ओ, हाउ वंडरफुल!’

मंगळवार, १ एप्रिल

होम चांगलं आहे. खरंच चांगलं. पिकॅनची झाडं, दोन घोडे, त्याच्या खोलीला मोठी खिडकी. माणसं दमात घेत नाहीत. डॉनाबाईंनी त्याच्यासाठी वरणभात कसा मऊ हवा ते लिहून घेतलं. तक्रार करायला काही सापडत नाही.

संध्याकाळी आणायला गेलो की मुकाट्याने ट्रकमध्ये बसतो. आनंद नाही, राग नाही. रेणू त्याला रोज आंघोळ घालते. आता त्याची त्याला येते, तरी घालते. मी काही बोलत नाही.

आम्ही असेपर्यंत ठीक आहे हो, पण मग कोण? ह्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. दुसरं नाही. मी रोज स्वतःला सांगतो आणि रोज ते तेवढंच निर्जीव वाटतं.

शनिवार, ५ एप्रिल

सोडून आलो.

डॉनाबाई म्हणाल्या, ‘डोन्ट मेक इट अ बिग गुडबाय.’ म्हणून नाही केला. रेणूने त्याची कॉलर सरळ केली. मी ‘येतो’ म्हटलं. खोटं. तो छताच्या पंख्याकडे बघत होता. वळलाही नाही.

ट्रकमध्ये येऊन दोघांनी बेल्ट लावले आणि पार्किंगमध्येच बसून राहिलो.

‘आता कुठे जायचं?’ रेणू.

‘माहीत नाही ग.’

रविवार, ६ एप्रिल

घरी निघायचं होतं. रेणू म्हणाली उद्या. मीही म्हणालो उद्या.

सोमवार, ७ एप्रिल

डॉनाबाईंचा फोन. शनिवारपासून ईशान जेवलेला नाही. आज सकाळी खिडकी फोडून बाहेर पडला, अडवणाऱ्या माणसाच्या हाताला कडकडून चावला. स्वतःच्या तळहातालाही टाके पडलेत. ‘आय ॲम सो सॉरी. इट्स नॉट अ गुड फिट. कॅन यू कम गेट हिम टुडे?’ म्हणजे नाव परत यादीच्या तळाशी. म्हणजे आमच्यानंतर कोणी नाही. याचा अर्थ मला सगळा समजतो. पण रेणू बुटांच्या लेसही न बांधता ट्रकमध्ये जाऊन बसली होती, आणि मी किल्ली शोधत होतो, आणि — लिहायला लाज वाटते — मी हसत होतो.