दुसरं कोण जोडलंय?

४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन!

मोबाईलवर स्वच्छ लिहिलंय — कनेक्ट केलेली डिव्हाइस : २. एक माझा लॅपटॉप. दुसरं कोण?

हॉटस्पॉटचा तो भाग आज पहिल्यांदाच उघडून बघितला. दुसऱ्याच्या नावाच्या जागी नुसता मॉडेल नंबर — व्हीके-७१२. असलं काही आमच्या घरात नाही. सीमाचा फोन वेगळा. टीव्हीला तर नेट म्हणजे काय हेच माहीत नाही. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं तर — १. गेलं!

गेलं म्हणजे कुठे गेलं?

५ फेब्रुवारी, बुधवार

नीट लिहून काढतो, म्हणजे गुंता सुटेल.

जानेवारीत केबलवाल्याने नेटची वायर कापून नेली. चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार, अर्ध्या खोल्या रिकाम्या, राहिलेल्या चार गिऱ्हाइकांसाठी तो कशाला थांबेल? पण मला लग्नपत्रिकांची प्रूफं रोज पाठवायची असतात. तेव्हापासून मोबाईल हाच माझ्या लॅपटॉपचा मोडेम. लोक हॉटस्पॉट म्हणतात. म्हणोत. काम मोडेमचं आहे. हे मला कोणी शिकवलेलं नाही. प्रेस बंद पडल्यावर कॉम्प्युटरवर पत्रिका लावायला शिकलो, तेही माझं मीच. क्लासची पायरी चढलो नाही.

केबलने जोडलं तर पक्कं चालतं, पण खोलीत आत रेंज नाही आणि केबल हातभर. म्हणून फोन गॅलरीच्या गजाला, साबणाच्या डबीत. डबीला खाली भोकं असतात — फोन तापत नाही. सीमा म्हणते, "फोनला हवा खायला बसवलंय. मला कधी बसवलंत?"

पासवर्ड मी कोणालाही सांगितलेला नाही. मग?

शेजारच्या धोंडूला सरळ विचारलं. तो खो-खो हसला. "अरे दौलता, माझो फोन बटनांचो. तेच्यात तुझा नेट काय वाटीन ओतू?"

धोंडू नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा दोन! संध्याकाळी, एका बारशाची पत्रिका लावत असताना. सीमाला हाक मारली तर ती भाजीला खाली गेलेली. गॅलरीत दोन्ही टोकांपर्यंत जाऊन आलो. धोंडू कॉटवर घोरत होता. बाकी कुलपं. कुलपाच्या आत बसून कोण माझं नेट वापरणार?

सीमा आल्यावर तिला सांगितलं. "असू दे ना. तुमचं काय अडलं?"

अडलं म्हणजे? माझ्या घरात कोण शिरलंय ते मला कळायला नको? ती मेथी निवडायला बसली. मेथी तर काल पण आणली होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

दादरला राजरत्नच्या मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर गेलो. "दौलतराव, तुम्ही आणि विचारायला आलात?" म्हटलं, विचारायला नाही, खात्री करायला.

त्याचं म्हणणं असं — ज्या फोनमध्ये तुमचा पासवर्ड एकदा टाकलाय, तो जवळ आला की आपोआप जोडला जातो. माणसाला काही करावं लागत नाही. खिशात असला तरी.

"पण मी मधे नवीन फोन घेतला."

"नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवलेत ना? मग त्या बिचाऱ्याला काय कळतंय फोन नवा की जुना!"

ठेवलेत. बदलायचं कारण काय?

"जवळ म्हणजे किती जवळ?"

"चाळीत? दहा मीटर धरा. म्हणजे कोणीतरी तुमच्या उशाशीच आहे." आणि डोळा मारला. मला हा माणूस पूर्वीपासून आवडत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पासवर्ड बदलला. चौदा अक्षरी. आकडे, चिन्हं, सगळं. आता ये म्हणावं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एक! फक्त माझा लॅपटॉप. पूर्ण संध्याकाळ एकच.

सीमाला सांगितलं, चोर पळाला. तिने भांडं जरा जोरात आपटलं. आज भाजीला गेलीच नाही. मधे तिचा फोन वाजला, ती मोरीत जाऊन हळू आवाजात बोलली, "नाही गं, बरे आहेत." कोण विचारत होतं? "कमलताई." तिची ही बहीण माझ्या तब्येतीची चौकशी कधीपासून करायला लागली?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

व्हीके-७१२. व्हीके-७१२. हे अक्षर-आकडे मी कुठेतरी छापलेले बघितलेत. छापलेलं मी विसरत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

माळ्यावर चढलो. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचा खोका मी ठेवतो. सीमा त्यावरून कायम बोलते.

मिक्सर, पंखा, इस्त्री. त्यामागे मोबाईलचा पांढरा खोका. बाजूला बारीक अक्षरात व्हीके-७१२.

हितेंद्रचा फोन. पोरगा बी.कॉम. झाला तेव्हा मीच घेऊन दिला होता. एकदा त्याचं नेट संपलं तेव्हा माझं जोडून दिलं. पासवर्ड सांगितला नव्हता, मी स्वतः त्याच्या फोनमध्ये टाईप केला होता. म्हणजे 'कोणालाही सांगितला नाही' हे खोटं नव्हतं!

दीड वर्ष झालं तो घर सोडून गेल्याला. कोर्टात लग्न केलं. अख्ख्या परळच्या पत्रिका मी लावतो, आणि माझ्या मुलाचं लग्न मला कोणाच्या तरी स्टेटसवर कळलं! मुलगी कोण, कुठली, हा मुद्दा नव्हताच. (होता. थोडा होता.) पण मला विचारलं नाही, हा मोठा. मी म्हटलं, ह्या घरात पाऊल टाकायचं नाही. तो म्हणाला, "तुम्ही बोलवाल तेव्हाच टाकीन." ना मी बोलावलं, ना तो आला.

आणि तो दहा मीटरवर येऊन उभा राहत होता? खाली, माझ्या गॅलरीखाली? आणि वर येत नव्हता? मग येत कशाला होता?

आणि मी चौदा अक्षरी कुलूप लावून ठेवलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पासवर्ड जुना केला. सीमाला बोललो नाही. तो भेटला की काय म्हणायचं, तेवढं मनात लावून ठेवलंय. दोनदा पुसून पुन्हा लावलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन.

फोन गजावरून काढला आणि जिना उतरलो. वर प्रूफ अर्धवट तुटलं असणार. तुटू दे.

फाटकाशेजारच्या कट्ट्यावर सीमा. तिच्याशेजारी एक मुलगी, गळ्यात ऑफिसचं कार्ड. मधे डबा उघडा, त्यात अळूवडी. हितेंद्र नाही. फाटकाबाहेर जाऊन बघितलं. नाही.

मुलगी उठून उभी राहिली. हिला मी फक्त त्या स्टेटसवर बघितलं होतं. प्रिती. हातात व्हीके-७१२, काच कोपऱ्यात फुटलेली.

मनात लावून ठेवलेलं सगळं हितेंद्रसाठी होतं. हिच्यासाठी काहीच नव्हतं. तोंडातून आलं, "नेट नीट लागतं का इथे?"

सीमाने कपाळाला हात लावला.

"लागतं," मुलगी म्हणाली. "मागच्या मंगळवारी आणि शुक्रवारी नाही लागलं. मला वाटलं, तुम्हाला बरं नाही. म्हणून आईंना फोन केला."

"माझ्या तब्येतीचा आणि नेटचा काय संबंध?"

ती सीमाकडे बघायला लागली. "सांग, सांग," सीमा म्हणाली. "आता काय राहिलंय?"

"तुमचं नेट जोडलं गेलं की मला कळतं, तुम्ही वर कामाला बसलात. मग मी आईंना मिस कॉल देते. त्या खाली येतात."

माझा मोडेम ह्या दोघींनी दारावरची बेल म्हणून वापरला!

"हा फोन —"

"हितेंद्रने नवीन घेतल्यावर मला दिला. तुमच्या नेटचं नाव त्यात तसंच होतं. मी काढलं नाही."

"तो कुठाय?"

"त्याला माहीत नाही मी येते ते. ऑफिस लोअर परळला आहे, सुटल्यावर येते. त्याला सांगू नका, प्लीज. चिडेल."

"तो कधीच येत नाही इकडे?"

ह्यावर सीमा बोलली. "बोलावलंत?"

१९ फेब्रुवारी, बुधवार

काही कळत नाही. चार दिवस मी ज्याच्याशी मनात बोलत होतो, तो खाली नव्हताच. कधीच नव्हता. जी होती, तिचं मी नावसुद्धा घरात घेऊ दिलं नव्हतं. ती फाटकाशी उभी राहून माझी तब्येत विचारते. का? मी तिचा कोण?

काल जाताना तिने डबा पुढे केला. मी एक अळूवडी घेतली. उभ्यानेच खाल्ली. ह्याचा अर्थ काय धरायचा?

सीमाला विचारलं. म्हणाली, "अर्थ काय? भूक लागली होती तुम्हाला."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन. आज कुठलंच काम नव्हतं. तरी नेट चालू ठेवून लॅपटॉपसमोर बसून राहिलो. खालून दोघींचं हसणं ऐकू येत होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हितेंद्रला फोन लावला. म्हटलं, "मोबाईलवरून लॅपटॉपला नेट जोडायचं असतं ना, ते मला जमत नाहीये. येऊन बघतोस का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली.

"तुम्हाला जमत नाही?"

"नाही."

"उद्या येतो."

"दोघं या," म्हटलं. "एकट्याचं काम नाही."