तटस्थ माणूस पाहिजे

मिरजगाव,
मंगळवार

आदरणीय बाबाजान मामूंना अझीमचा सलाम. तुमच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? इकडे रजिया आणि मुलं मजेत. मी सध्या विद्वानांत बसतो.

दिल्लीहून एक प्रोफेसर मॅडम आल्या आहेत. राजकीय हाणामाऱ्यांनंतर गावात न्याय परत कसा येतो, यावर त्यांचं संशोधन आहे. (आधी तो इथे होता, असं त्या धरून चालल्यात.) त्यांना मराठी येत नाही, म्हणून दुभाषा मी. पहिल्याच दिवशी कागदावर सही घेतली, ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही. (मामू म्हणजे कुणी नव्हे, असा मी अर्थ लावलाय.)

शनिवारी कारभारी मुलाखतीला बसला. तोच, जो रोज माझ्या पंक्चरच्या दुकानात चहा पितो. सात वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या निकालादिवशी दुकान जळालं, तेव्हा पंचनाम्यात शॉर्टसर्किट लिहिलं होतं. दुकानात तेव्हा वीजच नव्हती, हे तुम्हाला माहीत आहेच. कारभारीनं आधी खात्री करून घेतली, की यात नाव येत नाही. म्हटलं, नाही, तू उत्तरदाता क्रमांक सतरा. मग तो निवांत झाला. समोर मी होतो, पण त्याच्या लेखी नुसता दुभाषा. म्हणाला, "अझीमचं दुकान म्याच पेटवलं. त्याच्याशी काय वैर न्हाई. वरून निरोप हुता."

दुभाष्यानं 'मी'चं 'मी'च ठेवायचं असतं. म्हणून मी हिंदीत सांगितलं, अझीमचं दुकान मी पेटवलं. मॅडमनी विचारलं, कोण अझीम? म्हटलं, मी.

मॅडमनी पेन खाली ठेवलं, पाणी मागवलं, नियमांची फाईल चाळली. अशा वेळी काय करायचं ते त्यात नव्हतं. शेवटी त्यांनी कारभारीला विचारलं, त्या माणसाला काही सांगायचंय का? वहीत उत्तर नोंदलंय, 'काही नाही.' मग कारभारी उठला आणि मला म्हणाला, "चल, चहा पाज."

पाजला.

तुमचा भाचा,
अझीम

ता. क. गुरुवारी माझी मुलाखत आहे, पीडित म्हणून. पीडिताचं निवेदन तटस्थ माणसानं लिहून घ्यायचं असतं. ग्रामपंचायतीनं कारभारीचं नाव सुचवलंय. मॅडमना तो नको आहे, पण का नको हे सांगितलं तर सतरा नंबरची गुप्तता मोडते. तेव्हा तुम्ही सावेडीहून सकाळीच निघा आणि लिहायला बसा. माझे मामू आहात, हे कुणाला बोलू नका.

ता. क. २. कारभारी 'काही नाही' म्हणालाच नव्हता. माझ्याकडे न बघता म्हणाला होता, "चुकलं म्हनावं त्याला. लई चुकलं." ते हिंदीत सांगायला माझी जीभ वळली नाही. एवढं मात्र निवेदनात लिहू नका.