दोन गोळे आणि मधली तार

कर्वेनगर, रविवार

प्रिय उत्कर्षा,

मुक्ताईच्या फिजिक्सच्या वहीत हे पाकीट सापडलं म्हणून घाबरू नकोस. लेकीची तक्रार नाही. दीड महिना ती माझ्याकडे क्लासला येते, खिडकीजवळ बसते आणि विचार करताना तुझ्यासारखीच वेणीचं टोक चावते. तक्रार माझ्याबद्दलची आहे, आणि ती सांगायला मला सत्तावीस वर्षं लागली.

अकरावीतला तो तास तू विसरली नसशील. मी फळ्यावर धातूचे दोन गोळे काढले होते, एक मोठा, एक लहान, आणि मध्ये लांब तार. चार्ज दिला तर फील्ड कुठे जास्त, असं विचारून मीच खडू मोठ्याकडे नेला. तू उठून म्हणालीस, “मॅडम, चार्ज मोठ्यावर जास्त, पण फील्ड लहानावर जास्त.” मी म्हणाले, “कमी दुधात जास्त चहा तुझ्या वडिलांच्या गाडीवर होत असेल गं, इथे नाही.” वर्ग हसला. स्वारगेटला बस चुकली की त्याच गाडीवर मी चहा प्यायचे. ‘आमच्या पोरीच्या म्याडम’ म्हणून दत्तोबा माझ्या कपात आलं जास्त घालायचे.

इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं नाही. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये गणित मांडलं. तारेने जोडलेल्या गोळ्यांचं पोटेन्शियल सारखं होतं. लहानाची त्रिज्या निम्मी धरली, तर त्याच्या वाट्याला चार्जही मोठ्याच्या निम्मा येतो, पण पृष्ठभाग पाव. म्हणजे तिथे चार्ज दुप्पट दाटतो, फील्ड दुप्पट. तू बरोबर होतीस. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये चूक झाली की सिस्टर सगळ्यांसमोर उभं करून ती कबूल करायला लावत. त्या दिवशी मला उभं करणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सरळ पुढचा धडा काढला. त्यानंतर तू कधी हात वर केला नाहीस. जूनमध्ये तू कॉमर्सला गेल्याचं कळलं, तेव्हा, लिहायला लाज वाटते, मला सुटल्यासारखं झालं.

काल मी तेच दोन गोळे काढले आणि मुक्ताईने तुझंच उत्तर दिलं. पहिल्या दिवशी तू तिच्याबरोबर पाठवलेली चिठ्ठी मी वाचून पर्समध्ये कोंबली होती. ‘लेक माझ्यासारखीच आगाऊ आहे. चुकली तर मला बोललात तसं तिलाही बोला. मला तेव्हाच माझी पायरी कळली.’ ती पायरी तुझी नव्हती गं. मी खुर्चीवरून उठले आणि मुलांना सांगितलं, ही बरोबर आहे, आणि हेच उत्तर देणाऱ्या एका मुलीला मी पूर्वी हसण्यावारी नेलं होतं. मुक्ताईने विचारलं, “कोण होती ती?” नाव घ्यायची हिंमत झाली नाही. म्हणून हे पत्र. वाचून झालं की तिला दे.

तुझीच, आणि तुझ्यापुढे उभी,
सुहासिनी मॅडम