एक्केचाळीस दुकानं

८ जानेवारी, गुरुवार
एक तारखेला संकल्प करणारे लोक भावनेच्या भरात असतात. आठवडा गेला की डोकं शांत होतं. म्हणून माझे आज.
पुस्तक मार्चअखेर पूर्ण. रोज अर्धा तास चालणं. दर रविवारी बाबांकडे जाणं, सबबी न सांगता.
एप्रिलमध्ये प्रोफेसरपदाची मुलाखत. भूगोल विभागात माझ्याइतका जुना माणूस आता फक्त तो भिंतीवरचा नकाशा. विभागप्रमुखबाई माझ्याच हाताखाली शिकलेल्या. कानामागून आली आणि तिखट झाली. असो. या वेळी माझा सिद्धांतच बोलेल.
तालीम म्हणून इथे थोडक्यात लिहून काढतो. मॉल आला की आसपासचा जुना बाजार मरतो, असं सगळं जग म्हणतं. मी म्हणतो, मरत नाही. पुरावा: बाबांचं बटणांचं दुकान आहे ती गल्ली. मॉल उघडला त्या वर्षापासून, गेली सोळा वर्षं, दर मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहा ते अकरा मी तिथली चालू दुकानं मोजतो. पहिल्या वर्षी एक्केचाळीस. गेल्या वर्षी एक्केचाळीस. मध्ये एकदाच चाळीस, कारण शिंप्याच्या घरी लग्न होतं.
परदेशातल्या एका परिषदेत हा आलेख दाखवला तेव्हा एक म्हातारे प्राध्यापक म्हणाले होते की इतकी सरळ रेषा त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. मी नम्रपणे मान खाली घातली होती.

११ जानेवारी, रविवार
बाबांकडे गेलो नाही. प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद जमत आला होता, तो मोडणं बरं नव्हे. फोन केला. बाबांनी विचारलं, मोजणी कधी? म्हटलं, नेहमीसारखी, दुसऱ्या मंगळवारी. दहाच्या ठोक्याला ना? हो, दहाच्या ठोक्याला. एकोणऐंशीव्या वर्षी माणसाला संशोधनात एवढा रस! पुस्तकाच्या ऋणनिर्देशात त्यांना एक ओळ द्यायची. शेवटच्या परिच्छेदात.
चालणं उद्यापासून.

२० जानेवारी, मंगळवार
डोकं फिरलं. माझी पीएचडीची विद्यार्थिनी गेल्या शुक्रवारी फोटो काढायला परस्पर गल्लीत जाऊन आली. म्हणते, सर, बरीच शटर्स खाली होती. मी विचारलं, किती म्हणजे बरीच? म्हणे, उघडी मोजणं सोपं पडलं असतं.
तिला शांतपणे समजावलं. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत दर वर्षी त्याच घटकेला उचलावं लागतं. तारीख बदलली की तुलना मेली. प्रमाणित सर्वेक्षणदिनाचं महत्त्व यावर तीन पानं लिहून आण, असं सांगितलं. तिने मान डोलावली, पण चेहरा पटल्याचा नव्हता. या पिढीला मेथड नाही.
घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, एवढं काय, एखाद्या शुक्रवारी तूच जाऊन बघ की. बायकोला कसं सांगणार? मोजणीखेरीज इतर दिवशी संशोधकाने क्षेत्रात घुटमळू नये, निरीक्षण दूषित होतं. मी स्वतः हा नियम सोळा वर्षं पाळला आहे. बाबांकडे जातो तोही रविवारी, गल्लीच्या सुट्टीच्या दिवशी.
म्हणजे गेलो तर.

१ फेब्रुवारी, रविवार
आज गेलो! बाबा दुकानावरच्या खोलीत राहतात, पण सापडले खाली, शटर अर्धं ओढून बरण्या लावत. बटणं डोळे मिटून बोटांनी निवडतात. शिंपला, लाकूड, शिंग, प्लास्टिक. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच वडिलांना हे येतं.
वाळले आहेत. जिना चढताना दोनदा थांबले. खोकला हवेमुळे असावा.
चहा पिताना म्हणाले, दुकान बंद करावं म्हणतो. थकलो.
मी त्यांना विश्वासात घेऊन परिस्थिती समजावली. एप्रिलमध्ये मुलाखत, मार्चमध्ये मोजणी, आणि नेमकी माझ्याच वडिलांनी रेषा मोडायची? शिवाय या वयात हातपाय हलते असलेले बरे. ऐकून घेतलं. हसले. बरं, मार्चपर्यंत काढतो, म्हणाले.
समजूतदार माणूस. परत येताना फार हलकं वाटलं. तिसरं प्रकरण सुचलं: ‘टिकाव ही वृत्ती’.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
बाबांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं. दुकानात चक्कर आली. शेजारच्या सलूनवाल्या काकांनी उचलून रिक्षात घातलं. फुप्फुसात पाणी, म्हणाले डॉक्टर. पण स्टेबल. मी दोनदा विचारून घेतलं. स्टेबल.
बाबा मला या डॉक्टरांसमोर ‘आमचा डॉक्टर’ म्हणाले. मग दोघांना मिळून मी कसला डॉक्टर ते समजावत बसावं लागलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
संध्याकाळी सलूनवाले काका दाढी करायला आले. बाबांनी त्यांचा हात धरून कानात काहीतरी सांगितलं. ‘मंगळवार’ एवढं ऐकू आलं. काकाही म्हणाले, अजिबात काळजी करू नका, मंगळवारचं मी बघतो. पुढची दाढी मंगळवारी ठरली असणार. अशा अवस्थेतही नीटनेटकेपणाची हौस!
काका जाताना दारात उगाच थांबले. सर, एक बोलायचं होतं, म्हणाले. मी घाईत होतो, विभागात सेमिनार होता. म्हटलं, नंतर बोलू.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
बाबा गेले. सकाळी साडेनऊला.
मी मीटिंगमध्ये होतो. विषय: प्रयोगशाळेसाठी खुर्च्या, फिरत्या की साध्या. दहाला निघणारच होतो.
मी साध्या म्हणालो होतो.

१ मार्च, रविवार
आज रविवार. जायला कुणी नाही.
ही म्हणते, स्वतःला दोष देऊ नकोस. मी देतच नाही. डॉक्टर स्टेबल म्हणाले होते. स्टेबलचा अर्थ काय असतो? सोळा वर्षांची रेषा सरळ असली की मी पुढच्या वर्षीचा अंदाज देतो, तसाच त्यांनी दिला.
विभागप्रमुखबाई घरी येऊन गेल्या. यंदा मोजणी पुढे ढकला, म्हणाल्या, कुणी काही म्हणणार नाही. मी नाही म्हटलं. बाबांना ते आवडलं नसतं. सतरा क्रमांकापुढे, म्हणजे बाबांच्या दुकानापुढे, ‘बंद’ लिहायचं, चाळीस. ते मी स्वतः, माझ्या हाताने लिहीन. तेवढं तरी मला करू दे.
बाबांचा जुना स्वेटर घालून बसलो आहे. बाह्या आखूड होतात. मी त्यांच्यापेक्षा उंच आहे हे मला माहीत होतं, पण एवढा उंच आहे हे नव्हतं.

१० मार्च, मंगळवार
सगळं क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.
दहाच्या ठोक्याला कोपऱ्यावरून सुरुवात. विद्यार्थिनी बरोबर, फॉर्म तिच्या हातात. एक ते सोळा, सगळी चालू. सोळा म्हणजे सलून. सतरा क्रमांकाला मी पेन मागून घेतलं आणि वर पाहिलं.
शटर वर होतं. बरण्या पुसलेल्या. बाबांच्या स्टुलावर समोरच्या चपलांच्या दुकानातली बाई बसली होती. मला बघून उठली आणि घाबरल्यासारखी विद्यार्थिनीला म्हणाली, या ताई, काय दाखवू?
 मग तिनेच सांगितलं. बाबांनी हॉस्पिटलमधून सलूनवाल्या काकांबरोबर चावी पाठवली होती. मी असो नसो, मंगळवारी सतरा नंबर उघडा पाहिजे, पोराचा आकडा पडेल, असा निरोप होता.
मला रडू आलं, भर गल्लीत. तरीही पुढची दुकानं मोजली. एक्केचाळीस. आणि लिहायला लाज वाटते, पण फॉर्मच्या समासात मी टिपून ठेवलं: ‘परस्पर सहकार्य. वेगळं प्रकरण?’
मी निघणार होतो. सोळा वर्षं अकराला निघतो. विद्यार्थिनी म्हणाली, सर, पाच मिनिटं थांबू या का? चांगली मुलगी आहे.
पाच मिनिटं लागलीच नाहीत. पहिलं शटर पडलं ते छपाईवाल्याचं. मग पिशव्यांचं दुकान. मग दोन्ही बाजूंनी धडाधड. रेडिओ दुरुस्तीवाल्याने टेबल आणि त्यावरचे दोन रेडिओ रिक्षात घातले आणि आत ढकलून ठेवलेल्या स्कूटर पुन्हा दाराशी ओढल्या; दुकानाचं पार्किंग झालं होतं. त्या दोन रेडिओंवर माझं दीड पान आहे. ‘मालाची उलाढाल मंद, पण निष्ठा अढळ.’
मला बघून सगळे खाली माना घालून कुलपं लावत होते. ताकाला जाऊन भांडं लपवणारे ते नव्हते, मी होतो. त्यांनी सोळा वर्षं माझं भांडं सांभाळलं.
सलूनवाल्या काकांनी मला आत नेऊन खुर्चीत बसवलं. म्हणाले, सर, त्या दिवशी हेच बोलायचं होतं. मॉल आला त्याच्या दुसऱ्या वर्षापासून एकेक दुकान बंद व्हायला लागलं. तुमच्या वडिलांनी पेपरात तुमचा लेख वाचला, कात्रण घेऊन दारोदार फिरले. आमच्या डॉक्टरची नोकरी या गल्लीवर आहे, म्हणाले, वर्षातून एक तास द्या. कोण नाही म्हणणार? त्यांनी कुणाच्या लेकीच्या लग्नातल्या कपड्यांना फुकट बटणं लावून दिली, कुणाच्या आजारपणात रात्रभर बसले. छपाईवाला दीड तासाचा प्रवास करून येतो. शिंपी एका वर्षी आला नाही, तर तुमचे वडील त्याच्याशी सहा महिने बोलले नाहीत.
मी विचारलं, खरी किती?
काका वस्तरा पुसत राहिले. मग म्हणाले, अकरा. आता दहा.
म्हणजे बाबांचं खरं होतं?
ते रोज उघडायचे, सर. गिऱ्हाईक नसायचंच. आम्ही त्यांना म्हणायचो, तुम्हीपण मंगळवारपुरतं उघडा, वर पडून राहा. तर म्हणायचे, माझं तरी खरं असू दे. पोराच्या आकड्यात निदान एक खरं असू दे.
आणि मी त्यांना म्हणालो होतो, मार्चपर्यंत काढा.
विद्यार्थिनी बाहेर फॉर्म छातीशी धरून उभी होती. तिला म्हटलं, ती तीन पानं आता नको लिहूस.

११ मार्च, बुधवार
रजा टाकली. विभागप्रमुखबाईंना फोन करून मुलाखतीचा अर्ज मागे घेतो म्हटलं. त्या म्हणाल्या, सर, घाई करू नका. मग म्हणाल्या, मी तुमच्याकडे शिकत होते तेव्हा एकदा गुरुवारी गेले होते त्या गल्लीत. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. म्हणजे तेव्हापासून विभागात सगळ्यांनाच माहीत असावं. मी त्यांना तिखट म्हणत होतो.
साडेनऊला गल्लीत पोचलो. फॉर्म नाही, पेन नाही. मोजायचं नव्हतं तरी मोजली. दहा.
सतरा क्रमांकाचं शटर उचललं. पहिल्या झटक्याला गुडघ्यापर्यंत, दुसऱ्याला कमरेपर्यंत, तिसऱ्याला सलूनवाल्या काकांनी हात लावला. बाबा हे रोज एकटे कसे उचलत होते कुणास ठाऊक. स्टुलावर बसलो. इथून समोर दिसतं ते चपलांच्या दुकानाचं कुलूप. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. कुणी आलं नाही. बोलायलासुद्धा कुणी नाही. हे मी त्यांच्याकडून सोळा वर्षं करवून घेतलं, वर त्याला वृत्ती म्हटलं. बाबा, माझं चुकलं. हे मोठ्याने म्हणालो. दुकान लहान आहे, बरण्यांना ऐकू गेलं असेल.
साडेबाराला एक बाई आली. कोटाचं तपकिरी बटण, चार भोकांचं, नमुन्याला तिने एक सुटं आणलेलं. म्हटलं, आहे की! मी पहिली बरणी काढली. मग दुसरी. बरण्यांवर कसल्याही चिठ्ठ्या नाहीत, सगळं त्यांच्या बोटांत होतं. मीही डोळे मिटून बघितलं. पाऊण तास शोधलं. काऊंटरभर बटणं पसरली, खाली सांडली, बाई बिचारी खाली वाकून गोळा करायला लागली. मग घड्याळ बघून म्हणाली, राहू द्या, मला उशीर होतोय, जवळपास दुसरीकडे कुठे मिळेल का?
मी म्हणालो, मॉलमध्ये मिळेल, दुसऱ्या मजल्यावर.
ती या भागात नवीन होती. मी बाहेर येऊन तिला रस्ता दाखवला.